अर्ध्या खडूवरची नेमणूक

आमच्या सरांनी मला नोकरी दिली ती हातात अर्धा खडू ठेवून. पत्र नाही, सही नाही, शिक्का नाही. शर्टाच्या वरच्या खिशातून खडू काढला, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध मोडला, एक तुकडा परत खिशात टाकला आणि दुसरा मला दिला. म्हणाले, "जा. दुसऱ्या वर्षाचा वर्ग बसलाय."

मी इब्रामपूरचा, पेडण्यात अगदी महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात आईबरोबर मिरची आणि कुळीथ विकत वाढलो. समोरच्याच्या नुसत्या शब्दावर माल सोडायचा नाही, हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून कळत होतं. तरी मी तो तुकडा घेऊन वर्गात गेलो. त्याचं पुढे काय झालं ते मी विसरलेलो नाही. लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, सर मोठा माणूस होता, सोड आता. सर मोठा माणूस होता हे मला त्या लोकांपेक्षा जास्त माहीत आहे. सोडणार मात्र नाही.

गोवा घटक राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या मुलांना पणजीपर्यंत दोन बस बदलून जायला लागू नये म्हणून विद्यापीठाने डिचोलीत एक विस्तार केंद्र काढलं होतं. आज ते नाही, शोधायला जाऊ नका. एका खाणवाल्याच्या जुन्या गोदामात पातळ भिंती घालून चार वर्ग केले होते. समोरून दिवसभर खनिजाचे ट्रक. राज्यशास्त्राचा विभाग म्हणजे आमचे सर, शाणू नावाचा शिपाई आणि दर वर्षी नव्याने घेतलेले आम्ही दोन-तीन अर्धवेळ अध्यापक.

सर पाळीचे, तांबड्या धुळीच्या खाणगावचे. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर आतून कायम तांबडी असे. एकदा पणजीहून आलेल्या कोणीतरी त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "ही आमची पाळी. बाकीची बोटीत बसून जपानला जाते, एवढी माझ्याबरोबर येते." विभागप्रमुखाच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग असे आणि ते स्टुलावर. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा, तेव्हा सर फाटकाशी उभे राहून त्याच्याकडून एक पाव घेत आणि विधानसभेत काल काय झालं ते त्यालाच विचारत. "हा रोज शंभर घरांच्या दारात उभा राहतो," ते सांगायचे. "मी राहतो एका फळ्यासमोर. जास्त कोणाला कळणार?"

शिकवण्याचा त्यांचा नियम एकच होता. ट्रक आला की फळ्याकडे वळायचं आणि लिहायचं. ट्रक गेला की मुलांकडे वळायचं आणि बोलायचं. त्यामुळे दोन ट्रकांच्या मधे मावेल एवढंच त्यांचं वाक्य असे. पेपर तपासणारे म्हणत, डिचोली केंद्राची उत्तरपत्रिका लांबून ओळखू येते, हिच्यात लांब वाक्यच नसतं. माझं लिहिणंही असंच झालंय. ते त्यांचंच देणं आहे, नाकारत नाही.

अर्धवेळ माणूस निवडण्याचीही त्यांची पद्धत होती. अर्ज, गुणपत्रिका, शिफारशी सगळं बाजूला ठेवायचे आणि उमेदवाराला शाणूसमोर बसवायचे. शाणू मयेचा. तो पाकिटं चिकटवत बसलेला असे आणि हातातलं काम थांबवत नसे. उमेदवाराने त्याला राज्यशास्त्रातली एक गोष्ट समजावून सांगायची. संपलं की सर विचारत, "शाणू, कळ्ळें?" तो हो म्हणाला तरी सुटका नव्हती. "मग सांग बघू." शाणूला ते परत सांगता आलं तर माणूस घेतला. माझ्या आधी एक सुवर्णपदकवाला आला होता. अर्धा तास सार्वभौमत्वावर बोलला. सरांनी विचारलं, शाणू म्हणाला, "इंग्लीश बरें आसा ताचें." सुवर्णपदक पुढच्या बसने परत गेलं.

मला विषय दिला, केंद्रशासित प्रदेश आणि राज्य यांतला फरक. मी म्हटलं, "शाणू, थोरला भाऊ दिल्लीला राहतो. तुझ्या घराचं कौल फुटलं तरी त्याला विचारायचं. आता तू वेगळी चूल मांडलीस. कौल तुझं तू बदल. पण विहीर अजून एकच, पाण्याला भांडण झालं की तो येणारच." इतक्यात एकामागून एक ट्रक आले. मी आवाज चढवला. ट्रक वाढले, मी आणखी चढवला. शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली.

ट्रक गेले. शाणू पाकीट चिकटवत म्हणाला, "पयलीं चूल एक आशिल्ली. आतां चूल वेगळी, बांय एकच." मग मान वर करून मला, "पूण म्हजो पगार कोण दितलो?"

"चूल तुमची, पगार तुमचाच," मी म्हटलं.

"घेयात ताका," शाणू सरांना म्हणाला. "ट्रकाक भियेना."

सर म्हणाले, "ट्रक आला की लिहितात रे. ओरडत नाहीत."

"माका ओरडूची सवय आसा, सर. बाजारात फळो कोण देता?"

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले आणि खिशातून खडू काढला.

"सर, कागद?"

"खडू आधी, कागद नंतर."

"आणि खडू अर्धा कित्याक?"

"तू अर्धवेळ."

"मग शिकवायचं पण अर्धं?"

"तास किती हवेत तुला?"

"दहा."

"आठ आहेत."

"नऊ."

"आठ. आणि इब्रामपूरची बस चुकली तर मी रागावणार नाही."

मी मान डोलावली. आयुष्यात एवढा वाईट सौदा मी दुसरा केला नाही. कागद सोडून बसचं काय घेऊन बसलो होतो!

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती मिरच्यांचे देठ खुडत होती. "खडू? आणि कागद नाय दिल्यान?" तिने हात थांबवले. "माल आधी सोडलंस तू."

सरांचं म्हणणं असं होतं की पणजीहून नेमणूकपत्र यायला गणपतीची चवथ उलटते. वर्ग सुरू होतात जूनमध्ये. "तोपर्यंत मुलांना काय, आरत्या शिकवू?" आणि दुसरं म्हणजे, "कागद दिला आणि माणूस वाईट निघाला तर कागद परत घेता येत नाही. खडू घेता येतो." आधीची सगळी वर्षं हे चालून गेलं होतं. पत्र उशिरा यायचं, पण जूनपासूनचं यायचं. माझ्या वर्षी मुख्य कार्यालयात नवा अधिकारी आला. माझ्या प्रस्तावावर सरांनी शेऱ्याच्या रकान्यात, नेहमी लिहीत तसंच, लिहिलं होतं, "शिकवायला सुरुवात केली आहे." तो रकाना तोवर कोणी वाचतच नव्हतं. या माणसाने वाचला. नेमणुकीआधी सुरुवात कशी केली, म्हणून फाईल परत आली. दुसरा कोणी असता तर ती ओळ खोडून फाईल पुन्हा पाठवली असती. सरांनी नाही खोडली. "सुरुवात केली आहेस ना? मग?"

शेवटी ते अख्खं सत्र माझं नाव पाहुणे व्याख्याते या सदरात घातलं. रोज पहाटेची बस धरून येणारा पाहुणा. दुसऱ्या सत्रापासून पत्रं आली, नियमाप्रमाणे, सत्रागणिक एक.

सरांवर माझा जीव का होता तेही सांगायला हवं, नाहीतर ही नुसती फिर्याद होईल.

भाषेवरून सगळीकडे तापलेले दिवस होते. कोकणी राजभाषा झाली होती आणि मराठीवाले चिडलेले होते. वर्गात मुलं भाषेप्रमाणे बाकं वाटून बसत. सरांनी एकच सांगितलं, प्रश्न कुठल्याही भाषेत विचारा, मात्र दुसऱ्याच्या भाषेला हसलात तर वर्गाबाहेर. एक दिवस मुख्य कार्यालयाचे एक साहेब तपासणीला आले आणि माझ्या तासाला मागे बसले. मी माझ्या नेहमीच्या बोलण्यात शिकवत होतो, पुस्तकातली मराठी आणि घरातली पेडण्याची बोली एकत्र. तास संपल्यावर साहेब माझ्यासमोरच सरांना म्हणाले, "हा पलीकडचा दिसतो. मालवणी बोलतो. आपल्याकडे कोकणी येणारी माणसं नव्हती का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी हात आडवा केला आणि अगदी थंडपणे विचारलं, "साहेब, इब्रामपूरला गेलाय कधी?"

"नाही."

"एकदा जाऊ आपण. तिथं गेल्यावर कुठल्या माडापाशी कोकणी संपते आणि कुठल्या माडापासून मालवणी लागते ते मला दाखवा. त्या माडाच्या अलीकडचे अध्यापक मी घेईन, पलीकडचे घेणार नाही. लिहून देतो."

साहेबांनी वही मिटली आणि गाडीत जाऊन बसले. शाणू मात्र महिनाभर मला "माडा पलतडलो मास्तर" म्हणत होता. त्या दिवसापासून सरांनी उडी मार म्हटलं असतं तर मी कुठे ते विचारलं नसतं.

आणि याच माणसाने मला बुडवलं.

माझी चार सत्रं पूर्ण होत आली तेव्हा केंद्रात पूर्णवेळ जागा निघाली. अट होती, अर्धवेळ शिकवण्याचा चार सत्रांचा अनुभव, नेमणूकपत्रांसह. शिकवली होती चार, पत्रं होती तीन. मी पाळीला सरांच्या घरी गेलो. ते अंगणात खडूचं खोकं उन्हात ठेवून ओल काढत बसले होते.

"सर, पहिल्या सत्राचा कागद होयो."

"नाही दिला मी तुला, खरं आहे."

"आता द्या."

"आता कसा देऊ? दोन वर्षं झाली."

"त्या जूनची तारीख घाला."

"मागची तारीख मी घालत नाही."

मी समोर ओसरीवर बसलो. मला सौदा कसा करायचा ते माहीत होतं. म्हटलं, जूनची नको, जुलैची घाला. नाही. चवथीनंतरची घाला, अर्धं सत्र तरी पदरात पडेल. नाही. तारीखच घालू नका, जागा मोकळी सोडा. ते हसले, "ती तू घालशील." मी म्हटलं, "सर, आज अख्ख्या गोव्यात कोण मागची तारीख घालत नाही? रहिवासी दाखले बघा. काल आलेली माणसं पंधरा वर्षांची जुनी झाली." ते म्हणाले, "म्हणूनच नाही."

काकी, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आली. ती म्हणाली, "अहो, पोर खरंच शिकवत होता ना? मग खोटं कुठे आहे त्यात?"

"शिकवणं खरं. तारीख खोटी," सर म्हणाले.

मग ते आत गेले आणि थोड्या वेळाने एक कागद घेऊन आले. वर त्या दिवसाची तारीख होती. खाली त्यांच्या तुटक वाक्यांत लिहिलं होतं की अमुक वर्षीच्या जूनमध्ये मी याला नेमणूकपत्राशिवाय शिकवायला लावलं, याने पूर्ण सत्र शिकवलं, नियम मी मोडला, दोष माझा. सही.

आज मला कळतं की त्या कागदाने त्यांच्यावर कारवाई होऊ शकली असती. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की मी मागतोय नेमणूकपत्र आणि हा माणूस देतोय माफीपत्र. अटीत माफीपत्र कुठे लिहिलं होतं? माझं डोकं फिरलं. "तुमचा खरेपणा माझ्या पोटावर कशाला?" मी ओरडलो. "ह्यो कागद घेऊन मी काय करू?" तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला आणि निघालो. काकी फाटकापर्यंत मागून आली, "अरे घेऊन तरी जा, असू दे जवळ." मी मागे वळलो नाही.

मुलाखतीला समितीवर तिघे बाहेरचे होते. सर विभागप्रमुख म्हणून बाजूला बसलेले, त्यांना मताचा अधिकार नव्हता. माझी पत्रं चाळून अध्यक्षांनी विचारलं, "पहिल्या सत्राचं?"

"नाही."

सर म्हणाले, "मी याला खडू दिला होता. कागद द्यायला मी चुकलो. शिकवलं त्याने."

"खडूची नोंद कुठे असते, सर?" अध्यक्ष म्हणाले आणि बाकीचे दोघे हसले.

"मुलांच्या उत्तरपत्रिकांत असते," मी म्हटलं. "काढा त्या."

"इथे आवाज चढवू नका."

"हा चढवलेला नाही. हा माझा खालचा आवाज."

तिघांतल्या एका वयस्कर बाईंना माझ्याबद्दल बरं वाटलं असावं. त्यांनी विचारलं, "विभागप्रमुखांचं त्या सत्राबद्दल लेखी काही आहे का? कुठल्याही तारखेचं? आपण विचार करू शकतो."

मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही." अध्यक्षांनी माझी पत्रं परत दिली.

जागा दुसऱ्याला गेली. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्याकडे चार कागद होते.

माझं सत्र संपायला थोडे आठवडे होते. मी एक तास चुकवला नाही. ट्रक आला की ओरडलो, गेला की ओरडलो. सरांशी एक शब्द बोललो नाही. शेवटच्या दिवशी खडूचा उरलेला तुकडा खिशात घातला आणि पेडण्याला येऊन सिमेंट-लोखंडाचं दुकान टाकलं. नोकरी मागायला परत कोणाच्या दारात गेलो नाही. पुढे मोप्याच्या पठारावर विमानतळाचं बांधकाम आलं तेव्हा मी कुठे होतो आणि मला नाकारणारे कुठे होते, ते सगळ्या तालुक्याने बघितलं आहे.

दुकान टाकून काही वर्षं झाली असतील, मोप्याची एक तरुण बाई घराला लागणारं सिमेंट घ्यायला आली. दरावरून तिने मला बराच वेळ झुलवलं. मी म्हटलं, "तुम्ही काय करता?" म्हणाली, डिचोलीच्या केंद्रात अर्धवेळ राज्यशास्त्र शिकवते, सरांनी निवृत्त होता होता घेतलेली.

"खडूवर घेतली की कागदावर?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं माहीत खडूचं?" ती हसली. "कागदावर. आधी कागद दिला, मग खडू."

तिने सांगितलं ते असं. शेवटची काही वर्षं सरांनी जूनमध्ये वर्गच उघडले नाहीत. अर्धवेळांची पत्रं हातात पडेपर्यंत वर्गांना कुलूप. पालक भांडायला आले, मुलांनी घोषणा दिल्या, वरून खुलासा मागवला. सर पहिल्या बसने पणजीला जायचे आणि कारकुनाच्या दाराबाहेर बाकावर पाव खात बसायचे, शेवटच्या बसपर्यंत. पत्रं घेऊनच परत. एकही तास बुडू नये म्हणून ज्या माणसाने मला पाहुणा केला, त्याने आठवडेच्या आठवडे वर्ग बंद ठेवले.

"आणि खडू?" मी विचारलं. "पूर्ण दिला?"

"छे! अर्धाच."

तिला मी तिच्या दराने सिमेंट दिलं, दुकानाची फळी ओढली आणि स्कूटर काढली. वाटेत जे जे बोलायचं ते मोठमोठ्याने म्हणत गेलो. म्हणजे कळत होतं तुम्हाला! माझ्या जिवावर शिकलात आणि दिलंत दुसऱ्यांना!

पाळीला सर अंगणात त्याच जागी बसले होते. थकले होते. कॉलर तशीच तांबडी. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"काय रे इब्रामपूरकरा. दोघांचंही थोडं थोडं चुकलं म्हणून मिटवायला आला असशील तर चहा घे आणि जा. तसं नव्हतं ते. एकाचंच चुकलं."

"कोणाचं?"

"माझं."

वाटेत भांडण जुळवलं होतं, ते आता कोणाशी करायचं? एवढंच निघालं, "मग तो कागद तुम्ही का नाही पुढे केलात? बाई विचारत होत्या. घरात होता ना?"

"तुला लिहून दिलेला कागद. तू नको म्हणून ठेवून गेलास. तुझ्या नकारावरून मी कसा जाऊ?"

"बुडत होतो मी!"

"होय," ते म्हणाले. "ते मला नंतर कळलं. म्हणून म्हणतो, माझं."

"लिहून द्या," मी म्हटलं.

काकी दारात होती. ती आत गेली, कागद आणि पेन घेऊन आली. सरांनी आधी तारीख घातली. मी वाकून बघितलं. आजची.

"सर, आता कोण बघतंय? त्या जूनची घाला."

"आजची."

"बरं, मुलाखतीच्या दिवसाची."

"आजची."

"निदान साल तरी!"

त्यांनी वर बघितलं. हसले नाहीत. हळूहळू लिहिलं, "याचं बरोबर होतं. माझं चुकलं. हे मला आज सांगता आलं." सही केली. या वेळी मी कागद घेतला, घडी करून खिशात घातला, चहा घेतला आणि निघालो. काकी या वेळीही फाटकापर्यंत आली.

सर आता नाहीत. कागद दुकानाच्या खणात आहे, खडूच्या तुकड्याशेजारी. त्या कागदाने कुठे नोकरी मिळत नाही. पण मागची तारीख घातली असती तर मधली सगळी वर्षं पुसली गेली असती आणि माझ्याकडे दाखवायला काही उरलं नसतं. आता कोणी मला सोड म्हणालं की मी खण उघडतो आणि त्याला ती तारीख वाचायला लावतो. किती उशीर झाला ते त्यावर सरांच्याच अक्षरात आहे.